विश्लेषण : डिस्क ब्रेकचे पहिले पेटंट घेणारे फ्रेडरिक लँचेस्टर अखेरपर्यंत पैशांच्या विवंचनेत का राहिले?

घाट उतरताना पायाखालचा ब्रेक मऊ होत जातो, पेडल खाली खाली जाते आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर चालवलेल्यांना हा अनुभव नवा नाही. त्यामुळेच जुन्या गाड्या जपणारे अनेक हौशी लोक पुढच्या चाकांचे ड्रम काढून तिथे डिस्क ब्रेक बसवून घेतात. कोणी ओळखीच्या टर्नरकडून ब्रॅकेट करून घेतो, कोणी भंगारातून कॅलिपर शोधून आणतो. कमी पैशांत, घरच्या शेडमध्ये चालणारा हा उद्योग आहे. ज्या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, त्याची सुरुवातही भाड्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्येच झाली होती. फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर हे त्याचे नाव. त्यांची कल्पना बरोबर होती. ती सगळ्या जगाने स्वीकारली, पण त्यांच्या मृत्यूनंतर. तोवर त्यांना स्वतःचे राहते घर टिकवण्यासाठीही इतरांच्या मदतीची गरज पडली होती.

ड्रम ब्रेक घाटात दगा का देतो?

ब्रेकचे काम एकच, गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. प्रवाशांसह १,००० किलो वजनाची गाडी ताशी ८० किमी वेगावरून थांबवली की सुमारे २५० किलोज्यूल उष्णता तयार होते. पाऊण लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते. एकदा थांबण्याचा हा हिशेब. घाटात हीच क्रिया पुनःपुन्हा होते.

ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता बंद डब्यात कोंडते. आतले ब्रेक शू बाहेरच्या दिशेने ड्रमवर दाबले जातात. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो, आणि पेडल आणखी खोल दाबावे लागते. लायनर प्रमाणाबाहेर तापले की त्यांची पकडही कमी होते. डिस्कमध्ये चकती उघड्या हवेत फिरते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. चकती तापून फुगली तरी ती पॅडच्या दिशेनेच फुगते. पाणी पडले तर फिरत्या चकतीवरून ते उडून जाते. इतकी साधी गोष्ट प्रत्यक्ष वापरात रुळायला ५० वर्षे लागली.

लँचेस्टर कोण होते?

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात झाला. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर वास्तुरचनाकार, तर आई ऑक्टेव्हिया गणित आणि लॅटिनच्या शिकवण्या घेत असे. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथे. शिक्षण साउदम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये आणि पुढे शिष्यवृत्तीवर लंडनच्या केन्सिंग्टनमधील विज्ञान महाविद्यालयात झाले. तिथे हाताने काम करण्याचे शिक्षण पुरेसे मिळत नाही म्हणून त्यांनी फिन्सबरीच्या तंत्रशाळेत संध्याकाळचे वर्ग केले. पदवी मात्र त्यांनी घेतलीच नाही. पुढे आयुष्यभर ज्यांच्या संस्था त्यांना पदके देत राहिल्या, त्या विद्वानांच्या वर्तुळात ते पदवीविनाच वावरले.

काही काळ पेटंटसाठी आराखडे काढण्याचे काम केल्यावर विशीत ते बर्मिंगहॅमला आले. सॉल्टली भागातल्या फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत त्यांना सहायक कार्यव्यवस्थापकाची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला एक पौंड. इथला एक प्रसंग त्यांचा स्वभाव सांगून जातो. कामावर असताना केलेल्या कोणत्याही सुधारणेचा हक्क कंपनीकडे राहील, असे कलम करारपत्रात होते. सही करण्याआधी लँचेस्टर यांनी ते कलम खोडून टाकले. आजही नोकरीच्या पहिल्या दिवशी किती तरुण अभियंते असे करण्याचे धाडस करतील, याचा विचार करून पाहावा. त्या खोडलेल्या कलमाचा त्यांना लवकरच लाभ झाला. इंजिनाचा वेग आपोआप नियंत्रित ठेवणारा गव्हर्नर त्यांनी शोधला आणि तो बसवलेल्या प्रत्येक इंजिनामागे त्यांना दहा शिलिंग मिळू लागले. इंजिन सुरू करण्याची त्यांची नवी युक्ती क्रॉसली या मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्यांच्या आयुष्यात शोधांतून इतक्या सरळपणे पैसा मिळाल्याचे प्रसंग पुढे फारसे आले नाहीत.

पहिली मोटार कशी तयार झाली?

त्यांनी कारखान्याशेजारीच एक छोटे वर्कशॉप भाड्याने घेतले. धाकटा भाऊ जॉर्ज त्यांच्या हाताखाली तयार होत होता, दुसरा भाऊ फ्रँकही मदतीला होता. ओल्टनमधल्या घराच्या मागच्या अंगणात या भावांनी सपाट तळाची एक नाव बांधली, तिला स्वतःचे पेट्रोल इंजिन बसवले आणि १८९४ मध्ये ऑक्सफर्डला पाण्यात सोडली. संपूर्ण ब्रिटिश बनावटीची ती पहिली मोटारबोट मानली जाते.

त्यानंतर मोटार. १८९५ मध्ये काम सुरू झाले आणि १८९६ च्या सुरुवातीला गाडी रस्त्यावर आली. त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यानुसार यांत्रिक वाहनाला शहरात ताशी दोन मैल आणि बाहेर चार मैलांची मर्यादा होती आणि पुढे एक माणूस चालत जाणे बंधनकारक होते. त्यामुळे मोटार बनवणाऱ्याला तिची चाचणी घेणेसुद्धा अवघड होते. हा कायदा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिथिल झाला.

तोपर्यंतच्या बहुतेक मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन जोडलेल्या बग्ग्या होत्या. लँचेस्टर यांनी पाटी कोरी ठेवून सुरुवात केली. इंजिन गाडीच्या मध्यभागी, हवा भरलेली टायर, तारांची चाके. पुढच्या मॉडेलमध्ये त्यांनी दोन सिलिंडरांना दोन क्रँकशाफ्ट दिले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरवले. एकाचा हादरा दुसऱ्याने खोडून निघावा, हा हेतू. परिणामी ही गाडी इतर गाड्यांच्या मानाने विलक्षण शांत चाले. १८९९ मध्ये रिचमंडच्या स्पर्धेत तिच्या रचनेला आणि कामगिरीला सुवर्णपदक मिळाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली. कारखाना बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागातला. इथे लँचेस्टर यांनी धरलेला एक आग्रह त्या काळी वेडेपणाचा वाटला असणार. प्रत्येक भाग ठरलेल्या मापाच्या गेजने तपासायचा, म्हणजे एका गाडीचा सुटा भाग दुसऱ्या गाडीला कानस न लावता बसला पाहिजे. इतर कारखान्यांत कारागीर प्रत्येक गाडी घासून, ठोकून जुळवत असताना हा आग्रह महाग पडत होता. सुरुवातीच्या ग्राहकांमध्ये लेखक रुडयार्ड किपलिंग होते. त्यांचा जन्म मुंबईतला, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. नव्या मोटारीचा नाद आणि तिचे बिघाड, दोन्ही त्यांनी पुरेपूर अनुभवले.

१९०२ च्या पेटंटमध्ये काय होते?

त्या काळच्या मोटारींना ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना किंवा गिअरबॉक्सच्या दांड्याला असत. बाहेरून आवळणारा पट्टा किंवा टायरवरच दाबला जाणारा ठोकळा असे त्यांचे स्वरूप. गाडी चढावर मागे सरकू लागली की पट्ट्याची पकड सुटण्याचा धोका असे.

लँचेस्टर यांच्या पेटंटमधील कल्पना वाचताना आजचाच ब्रेक डोळ्यांसमोर येतो. चाकाला घट्ट जोडलेली पातळ पत्र्याची चकती, तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी पकडणारे जबडे, आणि चालकाने लीव्हर ओढला की ती चिमटी आवळली जाणार. चकती पुढे फिरो की मागे, पकड सारखीच. हा ब्रेक त्यांनी नुसता कागदावर ठेवला नाही, स्वतःच्या गाड्यांवर बसवला.

मग अडले कुठे? चिमटीच्या तोंडाशी. चकतीवर घासणारा पदार्थ असा हवा, की तो पकडेल, लवकर झिजणार नाही आणि उष्णता सहन करील. त्या वेळी असा पदार्थच उपलब्ध नव्हता. लँचेस्टर यांनी तांबे वापरले. ब्रिटनमधले रस्ते तेव्हा डांबराचे नव्हते. धूळ आणि बारीक खडी उघड्या चकतीवर उडे, पॅडच्या फटीत शिरे आणि सँडपेपरसारखे काम करी. तांबे भराभर झिजून जाई. शिवाय धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज. ज्यांची गाडी शांततेसाठी नावाजली होती, त्यांच्याच गाडीचा ब्रेक किंचाळत होता.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. त्या काळी एवढ्या चांगल्या ब्रेकची निकडच नव्हती. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किमी ठरवली. ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ३२ किमीवरून थांबताना ८० च्या तुलनेत जेमतेम सहावा हिस्सा उष्णता निर्माण होते. तेवढी पट्टा किंवा ड्रम सहज सोसत होता. ड्रमची आतली बाजू झाकलेली असल्याने धुळीपासूनही थोडा बचाव होई. काही वर्षांतच हर्बर्ट फ्रूड या दुसऱ्या इंग्रज संशोधकाने अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनर आणले. पण त्यांचा फायदा मुख्यतः ड्रमला झाला. डिस्क मागे पडली आणि पुढची अनेक दशके ड्रमचे राज्य राहिले.

गाडी चांगली, तरी कंपनी का अडचणीत आली?

मागणी होती, पण भांडवल अपुरे होते. कारखान्यात लँचेस्टर स्वतःच व्यवस्थापक, स्वतःच मुख्य रचनाकार. संचालकांना लवकर विकली जाणारी गाडी हवी होती आणि लँचेस्टर यांना बरोबर बनलेली. १९०४ मध्ये कंपनीचा कारभार कर्जदारांच्या वतीने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेला. पुढे ती लँचेस्टर मोटर कंपनी या नावाने नव्याने उभी राहिली, पण त्यात फ्रेडरिक यांचे स्थान आक्रसले. संचालकांशी खटके उडत गेले. १९०९ पासून ते कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीचे सल्लागार झाले आणि काही वर्षांतच स्वतःच्या नावाच्या कंपनीशी असलेला संबंध संपवून जॉर्जच्या हाती रचनेचे काम सोपवून बाहेर पडले. भारतीय संस्थानिकांना भुरळ घालणाऱ्या मोठ्या लँचेस्टर गाड्या प्रामुख्याने जॉर्ज यांच्या काळातल्या. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटपटू रणजितसिंहजी, आणि अलवारचे महाराज हे त्यांचे भारतातले नामांकित ग्राहक.

संचालकांना सरसकट खलनायक ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. हाताखाली माणूस म्हणून लँचेस्टर यांना सांभाळणे कठीण होते. ते समोरच्याचे अज्ञान लपवून ठेवायला मदत करणाऱ्यांपैकी नव्हते. एक प्रश्न सुटला की त्यातून पैसा निघेपर्यंत थांबण्याऐवजी ते पुढच्या प्रश्नाकडे वळत. डेमलरमध्ये असताना त्यांनी क्रँकशाफ्टची पीळ बसल्यासारखी थरथर शमवणारा डँपर दिला. चार सिलिंडरांच्या इंजिनाचा हादरा खोडण्यासाठी, क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन दांड्यांची योजना दिली. आजच्या अनेक इंजिनांत जे बॅलन्स शाफ्ट असतात, त्यांचे मूळ इथे आहे.

विमान आणि युद्धाशी त्यांचा काय संबंध?

मोटारींचा व्याप चालू असतानाच लँचेस्टर पक्ष्यांच्या उडण्याचा अभ्यास करत होते. पंख न हलवता पक्षी तरंगतो कसा, हा प्रश्न. १८९४ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅममध्ये या विषयावर व्याख्यान दिले. तेव्हा राइट बंधूंच्या उड्डाणाला अजून नऊ वर्षे होती. पंखाभोवती हवेचे अभिसरण होते आणि पंखांच्या टोकांशी भोवरे सुटत जातात, हे चित्र त्यांनी मांडले. हा विचार सविस्तर लिहून पाठवला, तेव्हा विद्वत्सभेने निबंध परत केला. अखेर १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी तो दोन ग्रंथांत प्रसिद्ध केला. त्यांची मांडणी स्वतःच घडवलेल्या शब्दांनी भरलेली आणि वाचायला जड होती. मायदेशात फारसे कोणी लक्ष दिले नाही. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांनी मात्र दिले. १९०८ मध्ये लँचेस्टर तिथे जाऊनही आले. पुढे प्रांट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंखाचा गणिती सिद्धांत पूर्णत्वाला नेला. जगात तो बहुधा प्रांट्ल यांच्या नावाने शिकवला जातो. काही ठिकाणी लँचेस्टर-प्रांट्ल असे दोघांचे नाव घेतात.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा, १९१४ मध्ये, त्यांनी लढाईचेच गणित मांडले. दूरवर मारा करणारी शस्त्रे असतील तर सैन्याची ताकद संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात मोजावी लागते. उदाहरणार्थ, सारख्याच शस्त्रांच्या १,००० सैनिकांसमोर शत्रूचे ५०० सैनिक आधी आले आणि उरलेले ५०० नंतर आले, तर या सूत्रानुसार दोन्ही तुकड्या संपवूनही पहिल्या बाजूचे सुमारे ७०७ सैनिक शिल्लक राहतात. एकूण संख्या दोन्हीकडे सारखीच असून हा फरक. १९१६ च्या त्यांच्या विमानयुद्धावरील पुस्तकात ही सूत्रे आली. संक्रियात्मक संशोधन या नंतरच्या शास्त्रशाखेत ती आजही शिकवली जातात आणि त्या क्षेत्रातल्या एका मोठ्या पुरस्काराला लँचेस्टर यांचे नाव आहे.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९१९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह केला. मूलबाळ झाले नाही. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोझली भागात त्यांनी डायट एंड हे घर केले. डेमलरचे सल्लागारपद त्या दशकाच्या अखेरीस संपले आणि नियमित उत्पन्न थांबले. ध्वनिवर्धक, म्हणजे लाउडस्पीकर बनवण्याचा स्वतःचा उद्योग त्यांनी काढला. आवाज चांगला होता, धंदा चालला नाही. ते स्वतः चांगले गात, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत तडजोड करण्याचा प्रश्नच नसावा! जागतिक मंदीत १९३१ मध्ये लँचेस्टर मोटर कंपनीही डेमलरच्या मालकांनी, बीएसए समूहाने, विकत घेतली.

त्यानंतर शरीर साथ सोडू लागले. कंपवात जडला, दृष्टी गेली. त्याच काळात पदके येत होती. १९३१ मध्ये विमानविद्येतले गुगनहाइम पदक, १९४५ मध्ये यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे जेम्स वॉट पदक. पण पदकांनी घरखर्च चालत नव्हता. राहते घर सुटण्याची वेळ आली, तेव्हा मोटार उद्योगाच्या मदतनिधीतून व्यवस्था झाली आणि ते डायट एंडमध्येच राहू शकले. ज्यांच्या कल्पनांवर तो उद्योग वाढला होता, त्यांना त्याच उद्योगाने असा आधार दिला, यात कृतज्ञता किती आणि ओशाळलेपणा किती, हे वाचकांनी ठरवावे. ८ मार्च १९४६ रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले.

डिस्क ब्रेक परत कसा आला?

त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात विमाने जड आणि वेगवान झाली, त्यांना धावपट्टीवर थांबवण्यासाठी चकतीचे ब्रेक पुढे आले. डनलॉपने विमानांसाठी केलेले काम मोटारीकडे वळवले आणि जॅग्वारबरोबर चाचण्या घेतल्या. दोन्ही कामे कॉव्हेंट्रीत, म्हणजे लँचेस्टर यांच्या स्पार्कब्रुकपासून साधारण ३० किमीवर. जून १९५३ मध्ये फ्रान्सच्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार सी-टाइपने बाजी मारली. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किमी. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी इतर चालकांना जिथे ब्रेकवर पाय ठेवावा लागे, त्याच्या बरेच पुढे जाऊन जॅग्वारचे चालक ब्रेक मारत, आणि फेरीमागून फेरी ब्रेक तसेच राहत. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क देऊन ते घरगुती गाडीत आणले.

चकती तीच होती. बदलले होते ते घासणाऱ्या पॅडचे साहित्य, दाब देणारी हायड्रॉलिक यंत्रणा आणि डांबरी रस्ते. आणखी एक योगायोग. १९६० मध्ये जॅग्वारने बीएसएकडून डेमलर विकत घेतली आणि तिच्यासोबत लँचेस्टर हे नावही जॅग्वारच्या मालकीचे झाले. त्या नावाची गाडी मात्र पुन्हा निघाली नाही.

घरच्या शेडमध्ये डिस्क बसवताना काय पाहावे?

लँचेस्टर यांचा ब्रेक चकतीमुळे नव्हे, चकतीभोवतीच्या गोष्टींमुळे अडला. कमी खर्चात जुन्या गाडीला डिस्क बसवणाऱ्यांचेही तिथेच अडते. चकती आणि कॅलिपर दुसऱ्या गाडीचे स्वस्तात मिळतात. पुढची कामे खर्चिक आहेत आणि तीच टाळली जातात.

सर्वांत आधी मास्टर सिलिंडर. ड्रमच्या जुन्या यंत्रणेत पाइपमध्ये थोडा दाब कायम राहावा म्हणून बहुधा एक छोटी झडप असते. ती तशीच ठेवली तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत, चकती घासत राहते आणि विनाकारण तापते. दुसरे म्हणजे कॅलिपरचा पिस्टन ड्रमच्या चाकातल्या सिलिंडरपेक्षा मोठा असतो. त्याला ब्रेक ऑइल जास्त लागते. जुना मास्टर सिलिंडर तेवढे ढकलू शकला नाही तर पेडल तळाला टेकते. तिसरे, ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच जास्त आवळला जातो. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नाही. बूस्टर नसेल तर पायाचा जोर बराच वाढतो, आणि ड्रमपेक्षा डिस्कच वाईट, असा उलटा अनुभव येतो.

ब्रॅकेटची गोष्ट वेगळीच. ब्रेक दाबताना गाडीचा सगळा भार त्या तुकड्यावर आणि त्याच्या बोल्टवर येतो. हाताशी असलेली कोणतीही पट्टी कापून, वेल्डिंग करून भागवणे म्हणजे जिवाशी खेळ. योग्य जाडीच्या पोलादाचा, लेथवर आणि मिलिंगवर नीट मापात केलेला, चकतीला कॅलिपर अगदी मध्यावर धरणारा ब्रॅकेटच हवा. चकती डुगडुगत नाही ना, हे डायल गेज लावून पाहावे. गेज वापरण्याचा आग्रह लँचेस्टर यांनी १९०० च्या सुमारास उगाच धरला नव्हता. चाकाची रिम कॅलिपरला घासत नाही ना, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर रबरी होज ताणला जात नाही ना, हेही तपासावे.

मागचे ड्रम शक्यतो तसेच ठेवावेत. हँडब्रेक त्यांच्यावरच चालतो. पण पुढची पकड वाढल्यावर मागच्या चाकांशी तिचा मेळ बसला आहे का, हे ओल्या रस्त्यावर गाडी नेण्याआधी कळले पाहिजे. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधने आहेत. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला कळवावे. अपघातानंतर हा विषय निघाला तर महागात पडतो.

आणि ड्रम उघडण्याआधी एक खबरदारी. जुन्या गाडीचे लायनर अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ज्या पदार्थाने ब्रेकचा किंचाळणारा आवाज बंद केला, त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो, हे नंतर सिद्ध झाले. त्यामुळे आतली काळपट भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. चांगला मास्क लावून ओल्या फडक्याने ती टिपावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. पहिली चाचणी रिकाम्या, सपाट जागी ताशी १० ते १५ किमी वेगाने घ्यावी, हँडब्रेकवर हात ठेवून. नवे पॅड चकतीवर बसेपर्यंत घाटाचा रस्ता धरू नये.